सेस्ना १७२ ला चार पट्ट्यांचा हार्नेस: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं विमान सेस्ना १७२, १९७० च्या दशकातलं. तिघांच्या भागीदारीत आहे आणि चिकलठाण्याला उभं असतं. दिवाळीनंतर त्याच्या पुढच्या दोन सीटांना इनर्शिया रीलवाला (सावकाश ओढलं तर सैल सुटणारा, झटक्याला अडकणारा) चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे दोन पट्टे कमरेला आणि दोन खांद्यांवर, बसवून घेतला. तेव्हापासून साधारण साठ तास उड्डाण झालंय. मे महिन्याचा फुफाटाही झाला आणि पहिला पाऊसही, म्हणून आता लिहितोय.

आधी काय होतं ते सांगतो. कमरेचा एक पट्टा, आणि दाराच्या वर क्लिपमध्ये खोचून ठेवलेला खांद्याचा सुटा तिरका पट्टा. तो खाली ओढून कमरेच्या पट्ट्याच्या खुंटीला अडकवायचा. पण तो आवळला की अंग जागचं हलत नाही, आणि या विमानात इंधनाचा कॉक (टाकी निवडायची चावी) आहे दोन सीटांच्या मध्ये, खाली फरशीवर. तिथपर्यंत हात पोचेना, म्हणून तो पट्टा कायम वरच घडी करून ठेवलेला असायचा. आम्ही तिघांनीही वर्षानुवर्षं हेच केलं. आज त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका लहान धावपट्टीवर उतरताना कुत्रं आडवं आलं. मी कचकन ब्रेक दाबले. विमानाला ओरखडाही आला नाही. शेजारी बसलेल्या भागीदाराचं डोकं मात्र थेट पॅनलच्या कडेवर गेलं. कमरेचा पट्टा घट्ट होता, पण त्यावरचं सगळं अंग कोयंडा निखळलेल्या दारासारखं पुढे आलं. भुवईवर सहा टाके पडले. नुसत्या ब्रेकने एवढं झालं, तर इंजिन बंद पडून शेतात उतरावं लागलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

आपल्याकडे शेतात उतरणं म्हणजे काळ्या रानात उतरणं. उन्हाळ्यात नांगरटीची ढेकळं आणि हाताच्या पंजाएवढ्या भेगा, पावसाळ्यात चाकाला धरून ठेवणारा चिखल, दिवाळीला छातीएवढी तूर आणि पऱ्हाटी. पुढचं चाक रुतणार हे जवळपास धरूनच चालायचं. गणित साधं आहे. ५० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २६ मीटर. धावपट्टीवर हा वेग दोन-तीनशे मीटरांत जिरतो. चिखलात तो पावणेचार मीटरांत जिरला तर अंगावर सरासरी ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर येतो; ७० किलोचा माणूस ६३० किलोच्या जोराने पुढे ओढला जातो. त्या वेळी त्याला धरणारी एकच गोष्ट असते, पट्टा. आणि नुसता कमरेचा पट्टा असेल तर डोकं आणि छाती मोकळीच राहतात.

हे शहाणपण काही नवं नाही. ह्यू डेहेवन हा वैमानिक १९१७ मध्ये प्रशिक्षणात कोसळला, वाचला, पण पोटातल्या जखमा पट्ट्याच्या बकलाने केल्या होत्या. पुढे त्याने आयुष्य याच अभ्यासात घातलं आणि १९४२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या इजांचं संशोधन सुरू केलं. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारं सरकारी मंडळ) १९८५ मध्ये छोट्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. खांद्याचा पट्टा असता तर मेलेल्यांपैकी २० टक्के वाचू शकले असते आणि गंभीर जखमींपैकी ८८ टक्क्यांच्या इजा बऱ्याच कमी झाल्या असत्या, असा निष्कर्ष निघाला. तिथे जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या सीटांना आणि डिसेंबर १९८६ नंतरच्या विमानांत सगळ्याच सीटांना खांद्याचा पट्टा बंधनकारक आहे. आमचं विमान त्याआधीचं, म्हणून आपणच मनावर घ्यायचं होतं.

पाच पट्ट्यांचा प्रकारही पाहिला होता. त्यात मांड्यांमधून येणारा पट्टा कमरेचा पट्टा खालीच धरून ठेवतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण आमच्या आईला साडी नेसून त्यात बसवणं शक्य नाही, आणि न बांधला जाणारा पट्टा आम्ही आधीच भोगला होता. पट्ट्यातच एअरबॅग असलेला प्रकार आमच्या खर्चाबाहेरचा निघाला.

बसवताना डोळ्यांत तेल घालून बघावं अशी जागा म्हणजे वरचा आधार, जिथे खांद्याचे पट्टे विमानाला जोडले जातात. पट्टा खांद्यामागे सरळ आडवा किंवा जास्तीत जास्त ३० अंश वर जायला हवा. आधार खांद्याच्या खाली गेला तर धक्क्यात पट्टा पाठीचा कणाच खाली दाबतो. बसवणाऱ्या कारखान्याने पहिल्यांदा रील थोडं तिरकं बसवलं होतं, पट्टा कडेला घासून त्याचे धागे निघायला लागले. दोन आठवड्यांत ते लक्षात आलं आणि काम पुन्हा करून घेतलं. भाग मंजूर हवा, परवानाधारक अभियंत्याची सही हवी, लॉगबुकात नोंद आणि वजन-समतोलाचा नवा कागद हवा. पैशापेक्षा या कागदांनीच जास्त वेळ खाल्ला. गाडीचे पट्टे आणून ठोकण्याचा सल्ला देणारेही भेटले. कृपा करून तसं करू नका.

वापराचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी कॉकपर्यंत हात सहज गेला. सावकाश वाकलं की पट्टा मागोमाग येतो, झटका बसला की जागच्या जागी धरतो. मला हेच हवं होतं. अभियंत्याने बजावलं होतं, "साहेब, आधी कमरेचा आवळा, मग खांद्याचे." चार पट्ट्यांत हा क्रम चुकला तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात, आणि पोटावरच्या पट्ट्याने डेहेवनसारखी गत होते. तो मांडीच्या मुळाशी, कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे. आता प्रत्येक प्रवाशाला मी स्वतः हात लावून दाखवतो.

तक्रारी आहेतच. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या विमानातलं बकल हाताला चटका देतं. आम्ही त्यावर सुती रुमाल टाकून ठेवतो. आईची उंची कमी, तिच्या मानेला पट्टा घासतो. उशी देऊन बसवलं तर बरं पडतं. घाईत वाकलं की रील अडकतं, मग थोडं मागे सरकून पुन्हा वाकावं लागतं. मागच्या सीटांना अजून नुसता कमरेचाच पट्टा आहे, आणि पैसे जमेपर्यंत मी मागे लहान मुलांना बसवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पट्टा नवा असला तरी आमची सीट जुनीच आहे. १९८८ पासून नव्या आराखड्याच्या छोट्या विमानांतल्या पुढच्या सीटांची पुढच्या दिशेने २६ जीची धक्का-चाचणी होते. आमच्या सीटवर तशी चाचणी कधीच झालेली नाही. शिवाय सेस्नाच्या सीटचे रूळ झिजतात, सीट जागेवर धरणाऱ्या खिळीचं भोक लांबट होतं आणि उड्डाण घेताना सीट मागे घसरते. अमेरिकेत त्यावर १९८७ मध्ये तपासणीचा आदेश निघाला, २०११ मध्ये नव्याने निघाला. हार्नेस बसवताना आमचे रूळ उघडले तर उजवीकडची दोन भोकं झिजलेली निघाली. रूळ बदलले. तेव्हा हार्नेसचं काम काढलंत तर रूळही त्याच वेळी बघून घ्या.

अजून एक सराव आम्ही तिघांनी सुरू केलाय. रुतलेलं विमान बरेचदा उलथतं, आणि उलटं लटकलेल्या माणसाने बकल उघडलं की तो मानेवर पडतो. म्हणून हँगरमध्ये डोळे मिटून बसतो. एक हात छताला टेकवायचा, पाय रोवायचे आणि मगच दुसऱ्या हाताने बकल उघडायचं. भुवईवर टाके पडलेला भागीदार हे सगळ्यांत जलद करतो.