आठ पदरी ब्रेडेड, चौदा रिळं आणि २४,५४९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. २४,५४९ रुपये. त्यातले १९,५५० मासे धरायच्या दोरीचे आणि ४,९९९ माझ्या मूर्खपणाचे. दोरीचे पैसे सात जणांचे होते आणि गोळा करणारा मी होतो. ‘माल बघितलाय, बिनधास्त पाठवा’ असं ग्रुपवर लिहिणाराही मीच. तो मेसेज अजून तिथं आहे, पुसायची सोय राहिली नाही.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. बावीस वर्षं सुतात गेली. सुताची जाडी वीस काउंट की तीस, हे बोटांत धरून सांगतो. पीळ उलटा पडला तर लांबून दिसतो. हे मिरवायला सांगत नाही. दुसरा कुणी फसला असता तर ‘त्याला दोरीतलं काय कळतंय’ असं तरी म्हणता आलं असतं. मला तेवढीही पळवाट नाही, म्हणून सांगतोय.

आम्ही सात जण रविवारी गळ टाकायला जातो. जवळ म्हणजे हिप्परगा तलाव, आणि गाडी मिळाली तर टेंभुर्णीकडून उजनीच्या पाण्यावर. आजवर सगळे तंगूसवरच, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोरीवर. शंभर मीटरला १६० रुपये, फाटलं तर फेकून नवं भरायचं. दिवाळीपासून मात्र ग्रुपवर एकच वाद चालला होता, तंगूस की ब्रेडेड, म्हणजे बारीक पदर विणून केलेली दोरी. ब्रेडेडवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. तंगूस ताणतं. चाळीस मीटरवर माशानं तोंड लावलं तरी झटका दोरीतच जिरतो आणि गळ बसत नाही. शिवाय रिळावर राहून त्याला वेटोळ्यांची सवय लागते. विणलेली दोरी ताणत नाही, टोचलेलं लगेच हाताला कळतं. त्याच ताकदीत ती निम्मी बारीक असते, त्यामुळं लांब जाते. शेवाळात मरळ धरायची तर तीच पाहिजे. दगडांवर घासली की मात्र तंगूसच बरं, आणि गुळगुळीत रिळावर ब्रेडेड थेट भरली तर अख्खी गरगरत फिरते, खाली चार वेढे तंगूसचे द्यावे लागतात. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून काय केलं ते पुढं वाचा.

दुकानात चांगली आठ पदरी, ३०० मीटर, २,६०० सांगत होते. ग्रुपवर एक नंबर कुणीतरी जोडून दिला. ‘जपानी माल, इम्पोर्टचा लॉट, १,३५० रुपये, कमीत कमी बारा रिळं.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोड बोलणं, ‘साहेब साहेब’, बाकी गिऱ्हाइकांचे फोटो. मी काही खुळा नाही. मी नमुना मागितला. त्यानं पाकिटातून दोन मीटर पाठवला, तोही फुकट.

तो नमुना मी कसा तपासला हे सांगतो, कारण माझा त्याच्यावरचा विश्वास तिथंच बसला. सुईनं टोक उकललं आणि पिक ग्लासखाली, म्हणजे कापडाचे धागे मोजायच्या भिंगाखाली, पदर मोजले. आठ. ग्लासभर पाण्यात टाकला, तरंगला. खऱ्या ब्रेडेडचा धागा पाण्यापेक्षा हलका असतो, नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात. काडी लावली तर विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला. नमुना शंभर टक्के खरा होता. आजही म्हणतो, खराच होता. त्यानं बाजारातून एक खरं रीळ घेऊन त्याचे तुकडे पाडले असणार, आणि माझ्यासारख्या किती ‘जाणकारांना’ वाटले असतील देव जाणे.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही.

पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी त्यानं लेबलचा फोटो टाकला. त्यावर छापलं होतं: पीई ८, २० पौंड, ०.४० मिमी. मी तो फोटो मोठा करून बघितला. पीई हा जपानी जाडीचा नंबर आहे, पदरांचा नाही. पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, आणि पीई ८ म्हणजे ०.४७, एवढ्या जाडीला समुद्रातला मोठा मासा ओढतात. पीई ८ आणि २० पौंड एका लेबलवर असूच शकत नाही. आणि २० पौंडाला ०.४० मिमी ही जाडी तंगूसची असते, ब्रेडेडची ०.२३ च्या आसपास. म्हणजे लेबलच ओरडून सांगत होतं की छापणाऱ्याला काही कळत नाही. माझं बोट त्या ०.४० वर थांबलं होतं. खरंच थांबलं होतं. एखाद्या पार्टीनं सुताच्या पेटीवर असा काउंट लिहून पाठवला असता तर मी गाडी गेटवरून परत पाठवली असती. इथं मनात म्हटलं, ‘आठ म्हणजे आठ पदर असेल, छपाईची चूक असेल.’ त्याच वेळी सहा नंबरच्या मागावर ताणा तुटायला लागला होता, महिनाअखेर होती, आणि ग्रुपवर सगळे विचारत होते, ‘अण्णा, ऑर्डर गेली का?’ मी घाई केली. कारण सांगतोय, माफी मागत नाही.

चौदा रिळांचे १८,९००, ट्रान्सपोर्टचे ६५०. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं. तेही बघितलं. तेही गिळलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पार्सल आलं. उघडताना व्हिडिओ काढला नाही. (तुम्ही काढा. पत्त्याच्या चिठ्ठीपासून, मध्ये न थांबता.) रविवारी उजनीवर गेलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, गाडीभाडं, सगळा थाट. दुसऱ्याच फेकीत माझ्या तर्जनीला हिरवा रंग लागला. नंतर एका मित्राच्या गळाला जड काहीतरी लागलं, कटला असावा, रॉड कमानीसारखा वाकला आणि टक् करून दोरी गेली. तो माझ्याकडं वळून एवढंच म्हणाला, ‘मालक, तुमचं सूत गेलं की ओ.’ तुटलेलं टोक बघितलं तर भिजलेल्या कापसासारखं फुललेलं, आणि चारच पदर.

सोमवारी कारखान्यात रीळ कांडी भरायच्या यंत्रावर चढवलं. त्याला मीटरचा काउंटर आहे. ३०० छापलं होतं, काउंटर ११४ वर थांबला. खाली जाड पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर पांढरा कापूस गुंडाळून हिरवी दोरी वर भरलेली. चौदाही रिळं उलगडली. सगळ्यांत जास्त भरलं ते ११८. पाण्यात टाकली तर तळाला गेली, काडी लावली तर काळा धूर आणि कडक काळी गाठ, म्हणजे साधं पॉलिस्टर. ताणकाट्यावर साडेतीन किलोला तुटली. २० पौंड म्हणजे नऊ किलो.

इथंच थांबलो असतो तर ४,९९९ वाचले असते.

रात्री त्याला फोटो पाठवले. मला वाटलं ब्लॉक करेल. उलट फोन आला, ‘साहेब, गोडाऊनच्या पोराची चूक, लगेच रिफंड.’ एक क्यूआर पाठवला. ‘आधी ४,९९९ चं व्हेरिफिकेशन दिसेल, पिन टाका, सगळे एकत्र परत येतील.’ मी मागांच्या आवाजात उभा होतो, अर्धं ऐकू येत नव्हतं, आणि सहा जणांना काय तोंड दाखवू हे डोक्यात चाललं होतं. टाकला पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो! कधीच नाही. माझी नववीतली पोरगीसुद्धा हे सांगते. तिनं सांगितलंच, पण नंतर.

दोन दिवस कुणाला बोललो नाही. ही सगळ्यांत महाग चूक. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन त्याच तासाला करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. मी तिसऱ्या दिवशी केला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि त्या खात्यात होल्ड झाले ३१२ रुपये.

मग ठाणं. तो गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा, सगळे बंदोबस्तात, टेबलावर एकच हवालदार. मी पिशवीतून रिळं काढून ठेवली आणि साहेबांचा चेहरा बदलला. ‘हे काय, नायलॉनचा मांजा?’ २०१७ पासून बंदी आहे, संक्रांत तोंडावर, आणि माझ्यासमोर चौदा रिळं. पावती मागितली. पावती असती तर मी तिथं कशाला गेलो असतो? तक्रारदार म्हणून गेलेला माणूस पाच मिनिटं आरोपी झाला. गळ, शिसं, मरळ सगळं समजावलं तेव्हा म्हणाले, ‘मासे धरायला निघालात आणि तुम्हीच गळाला लागलात होय?’ हा विनोद मी बँकेतही ऐकला आणि मेहुण्याच्या तोंडूनही. मग मुद्द्यावर आले, ‘माल मिळालाय ना? मग ही फसवणूक नाही, ग्राहक मंचात जा.’ आणि ४,९९९? ‘ते सायबरचं.’ सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याचा अर्ज आणा. ठाण्यानं अर्जावर शिक्का मारून द्यायला तीन फेऱ्या मारायला लावल्या. शिक्क्याखाली लिहिलं, ‘नायलॉन दोरी, किरकोळ’. पॉलिस्टर आहे म्हटलं, तर म्हणाले, काय फरक पडतो.

बँकेत काचेपलीकडून उत्तर आलं, ‘पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे.’ कुरियरवाले पाठवणाऱ्याचा पत्ता देत नाहीत, पोलिसांचं पत्र आणा म्हणतात. पोलीस म्हणतात, कुरियरकडून पत्ता आणा. ग्राहक मंचाच्या अर्जात पहिलाच रकाना विक्रेत्याच्या पत्त्याचा. ३१२ रुपये सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. तिथं जायच्या रिक्षालाच त्यातले निम्मे जातील. मी कर वेळेवर भरतो, मतदानाला रांगेत पहिला असतो, आणि चौदा रिळांचा गठ्ठा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतोय. यांना एवढा साधा हिशेब कळत नाही की माझ्यासारखे पन्नास जण धरले तर एकाच माणसानं दहा-बारा लाख उचलले. प्रत्येकाला ते ‘किरकोळ’ म्हणून पाठवतात, म्हणून तर त्याचं दुकान चालतं.

ब्रेडेड घ्यायचीच असेल तर दुकानात जा आणि रिळातलीच वीतभर पाण्यात टाकून बघा, पाकिटातला नमुना नको. जाडी आणि पौंड एकत्र वाचा. जमलं तर रीळ उलगडून मोजा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. आणि खरं सांगू? पिठाचा गोळा लावून कटल्याची वाट बघत बसणाऱ्या माणसाला तंगूस पुरतं. ताण खातं तेच बरं, मोठ्या माशानं धाव घेतली तर गळ सुटत नाही. आम्हा सातांत मरळ धरणारा एकच. बाकी सहांना ब्रेडेड लागतच नव्हती.

माझी तीन रिळं सोडून उरलेल्या अकरांचे १४,८५० मी सगळ्यांना खिशातून दिले. हप्त्यात दिले, पण दिले. दोघांनी घेतले नाहीत, ते जास्त लागलं. घरात अजून चर्चा सुरू झाली की ‘अहो, दुधी चढवायला दोरी आहे बघा’ एवढं ऐकू येतं, आणि ती खरंच त्याच दोरीवर चढवली आहे.

काल रात्री दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो आला. तेच लेबल, पीई ८, २० पौंड, ०.४० मिमी. नंबर नवा, भाव १,२५०. खाली एकानं विचारलंय, ‘नमुना मिळेल का?’