गणपतीपुळ्याची ‘आंतरराष्ट्रीय’ परिषद आणि अडकून पडलेला पेपर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले सर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी यांना एका बोगस परिषदेने कसं फसवलं, त्याची ही गोष्ट. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गेले एकूण २१,५०० रुपये: नोंदणीचे ८,५०० आणि ‘प्रकाशन शुल्क’ म्हणून १३,०००.

त्यांच्या पेपरचा विषय हापूसच्या पल्पवर उच्च व्होल्टेजच्या पल्स, म्हणजे विजेचे अगदी क्षणिक झटके, देऊन जंतू मारण्याचा. मे महिन्यात मेल आला, प्लाझ्मा सायन्स (विद्युतभारित वायूंचं शास्त्र) आणि पल्स्ड पॉवर (असे झटके तयार करण्याचं तंत्र) यांच्या परिषदेचं आमंत्रण. परिषदेचं नाव असं बेतलेलं की आद्याक्षरं आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या ‘आयकॉप्स’ या प्लाझ्मा परिषदेसारखी दिसावीत. ठिकाण गणपतीपुळ्याजवळचं रिसॉर्ट, महिना जुलै. कोकणातल्या माणसाला इथेच शंका यायला हवी होती. भर पावसात रिसॉर्टं ओस पडलेली असतात, हॉल म्हणाल त्या भावात मिळतो.

प्रत्यक्षात तीस खुर्च्या आणि अकरा माणसं. फार्मसी, कॉमर्स, सिव्हिल, सगळे एकाच हॉलमध्ये. प्लाझ्माच्या सत्रातला दुसरा पेपर रक्तातल्या प्लाझ्मावर होता आणि सत्राध्यक्षांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येकी सात मिनिटं, प्रश्नोत्तरं नाहीत, मग फेटा, सर्टिफिकेट, फोटो, सुरमई थाळी. थाळी चांगली होती म्हणे.

पण फसवणूक कळायची जागा हॉल नव्हती. ती दोन महिने आधीच, परीक्षकांच्या शेऱ्यांत दिसत होती. पेपर ३६ तासांत स्वीकारला गेला. एक शेरा ‘उत्तम काम, इंग्रजी सुधारा’, दुसरा ‘संदर्भ वाढवा’. आता त्या पेपरात काय होतं ते बघा.

आठ टप्प्यांचा मार्क्स जनरेटर, म्हणजे कॅपॅसिटर वेगवेगळे चार्ज करून एकदम एकामागोमाग जोडणारं, व्होल्टेज वाढवणारं सर्किट. प्रत्येक टप्प्यात २ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, १० किलोव्होल्टला चार्ज केलेला. टप्प्यांना जोडणारे आठही स्पार्क गॅप (ठिणगीने चालू होणारे स्विच) पेटले की कॅपॅसिटर सिरीजमध्ये येतात. व्होल्टेज फार तर ८० किलोव्होल्ट, पण कॅपॅसिटन्स आठव्या हिश्शावर येतो, ०.२५ नॅनोफॅरड. ऊर्जा सगळी मिळून ०.८ ज्यूल. पुढे पल्पचा सेल, रेझिस्टन्स सुमारे ४० ओहम. आंब्याचा रस वीज बऱ्यापैकी वाहून नेतो, त्यामुळे आकडा असा कमीच येतो. ४० ओहम गुणिले ०.२५ नॅनोफॅरड म्हणजे टाइम कॉन्स्टंट, पल्स किती वेळात ओसरते त्याचं माप, १० नॅनोसेकंद. मार्क्सचं स्वतःचं इंडक्टन्स धरलं तर थोडं रिंगिंग (व्होल्टेजचं हेलकावणं) होईल, मामला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास जाईल, आणि सेलवर पूर्ण ८० किलोव्होल्ट पोहोचणारच नाहीत. पेपरात मात्र लिहिलं होतं: ८० किलोव्होल्टची, २ मायक्रोसेकंदांची पल्स.

आकृतीत पुरावाही होता. ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅनलशेजारी ‘बीडब्ल्यू’ ही बारीक खूण, म्हणजे २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू राहिलेली, त्याहून जलद बदल स्कोप गाळून टाकतो. स्कोपला दिसू शकणारा सर्वांत जलद चढ, म्हणजे राइझ टाइम, काढायचा ढोबळ नियम ०.३५ भागिले बँडविड्थ. इथे १७.५ नॅनोसेकंद. म्हणजे १० नॅनोसेकंदांत जे घडलं ते त्या स्कोपला नीट दिसणंच शक्य नव्हतं. स्क्रीनवरची लांबलचक लाट बहुधा प्रोबच्या केबलची किंवा ग्राउंड लूपची. या विषयातला कुठलाही परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो: डिव्हायडर (उच्च व्होल्टेज मोजण्याजोगं कमी करणारं उपकरण) कुठला, कॅलिब्रेट कसा केला, बँडविड्थ किती? तुमच्या पेपरावर असा एकही प्रश्न आला नसेल, तर तो कोणी वाचलेलाच नाही.

बाकीची तपासणी सोपी आहे, फक्त त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून करायची नाही. माहितीपत्रकावर आयईईईचा लोगो असेल तर आयईईईच्या स्वतःच्या कॉन्फरन्स सर्चमध्ये नाव आणि तारीख शोधा. खरी पल्स्ड पॉवर कॉन्फरन्स १९७६ मध्ये टेक्सासातल्या लबक इथे सुरू झाली आणि साधारण दोन वर्षांतून एकदा भरते. ‘विसावी वार्षिक’ असं कोणी लिहीत असेल तर खोटं ओळखायला तेवढंही पुरे. आपल्याकडे प्लाझ्मा सायन्स सोसायटी ऑफ इंडियाची राष्ट्रीय परिषद असते. कुठली परिषद खरी, हे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत किंवा मुंबईत ट्रॉम्बेच्या बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) काम करणाऱ्या ओळखीच्या कोणालाही एक फोन करून कळतं.

‘स्कोपस इंडेक्स्ड’, म्हणजे स्कोपस या संशोधन जर्नलांच्या सूचीत नोंद असलेलं, हा दावा इथे अर्धा खरा होता, आणि अर्धं खरं जास्त महाग पडतं. पेपर ज्यात छापला ते जर्नल स्कोपसमध्ये होतं, पण त्याचं कव्हरेज काही वर्षांपूर्वीच बंद झालेलं. स्कोपसच्या मोफत सोर्स लिस्टमध्ये कव्हरेजची वर्षं लिहिलेली असतात, तो रकाना वाचा. आयएसएसएन हा जर्नलचा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या मूळ साइटवर टाकून उघडा. आयईईईचे डीओआय १०.११०९ ने सुरू होतात. या संयोजकांनी छापलेला कुठेच उघडत नव्हता, नुसती अक्षरांची रांगोळी. आणि ‘यूजीसी-केअर मान्यताप्राप्त’ हे शब्द दिसले तर लक्षात असू द्या, यूजीसीने मान्य जर्नलांची ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. पीएचडीसाठी पेपरची सक्तीही २०२२ च्या नियमांत राहिली नाही. तरी मार्गदर्शक मागतात, प्रमोशनला लागतो, आणि हा सगळा धंदा त्या घाईवरच चालतो.

पावती मिळाली होती, जीएसटी क्रमांकासह. तो वाचायला कोणी शिकवत नाही. पंधरा अक्षरं: पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७), पुढची दहा पॅनची. पंधरांतलं सहावं, म्हणजे पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर सी, ट्रस्ट असेल तर टी, एकटा माणूस असेल तर पी. ‘ग्लोबल फोरम’ म्हणवणाऱ्यांच्या पावतीवर पी होता. जीएसटी पोर्टलवर कायदेशीर नावही दिसतं. पैसे भरायच्या आधी दोन मिनिटांचं काम.

आता पेपर काढून घ्यायचा म्हटलं तर संयोजक १०,००० रुपये ‘विड्रॉवल चार्ज’ मागतात. नोंदणीच्या वेळीच कॉपीराइटच्या फॉर्मवर सही घेतलेली. पीडीएफ त्यांच्या साइटवर आहे, त्यामुळे दुसरीकडे पाठवला की साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपलाच पेपर चोरीचा ठरतो. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं असतं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करून काही हाती लागण्याची शक्यता होती. दोन महिन्यांनी फारशी नसते. तो ‘चार्ज’ मात्र भरू नका, भरला की पुढचा येतो. तारखेसह लेखी मेल पाठवून पेपर मागे घेतल्याचं कळवा, तो जपून ठेवा, आणि नव्या जर्नलच्या संपादकाला कव्हर लेटरमध्ये सगळं आधीच सांगा. या दोघांनी बँडविड्थ लिमिट काढून सगळी मोजमापं पुन्हा घेतली. आकडे इतके बदलले की आता तो पेपर खरोखरच वेगळा झाला आहे.

पुढच्या मे महिन्यात सावंतवाडीहून एका प्राध्यापकांचा सरांना फोन आला. त्याच संयोजकांच्या नव्या माहितीपत्रकात संयोजन समितीमध्ये सरांचं नाव होतं, फेट्यातल्या फोटोसह. ते म्हणाले, “सर, तुम्ही आहात म्हटल्यावर मी निर्धास्तपणे पैसे भरले.”