ओव्हरेबोची चिठ्ठी आणि तर्री पोहे

नागपुरात गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या अंगाला एका दुमजली घराच्या गच्चीवर टिनाचं शेड टाकलंय. सकाळी खाली पोह्यांचा ठेला, रात्री वर फुटबॉल. दोन्ही एकच काका चालवतात. नाव टाकत नाही. मला दोन तक्रारी करायच्या आहेत आणि त्या गच्चीवर पुन्हा जायचंही आहे.

आधी कामाचं. माणशी १५० रुपये, त्यात एक प्लेट तर्री पोहे (चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले) आणि एक चहा. पैसे जिन्यातच घेतात, वर गेल्यावर हिशेब नाही. गाडी मार्केटच्या रस्त्याला लावा. गल्लीत लावली तर परतताना मागच्या चाकात हवा असेलच याची खात्री नाही. मी दोनदा ढकलत नेली आहे. खुर्च्या प्लास्टिकच्या, पडदा मात्र खराखुरा, आणि आवाज इतपतच ठेवतात की शेजारी फोन करणार नाहीत.

पहिली तक्रार इथेच. लाइव्ह मॅच पाहायला जाणार असाल तर नका जाऊ. काका मॅच इंटरनेटवरून लावतात आणि पडदा चांगला अर्ध्या मिनिटाने मागे चालतो. एरवी चालून जातं, पण पेनल्टीच्या वेळी जीव जातो. खेळाडू बॉल ठिपक्यावर ठेवून मागे सरकत असतो आणि मागच्या रांगेतल्या पोट्ट्याचा फोन खिशात थरथरतो. त्याचं तोंड पाहिलं की निकाल कळला.

२०२३ च्या धुळवडीची रात्र. माझा क्लब चेल्सी आणि जर्मनीचा डॉर्टमुंड, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, मॅच रात्री दीड वाजल्यानंतर. माझ्या कानामागचा रंग अजून निघाला नव्हता. पहिली मॅच आम्ही एका गोलने हरलो होतो, आता घरच्या मैदानावर १-० वर होतो आणि हँडबॉलची पेनल्टी मिळाली. आमचा हावर्ट्झ धावत येण्याआधीच मागून "गेली बे" ऐकू आलं. मग पडद्यावर बॉल खांबाला लागला. माझा साळा मँचेस्टर युनायटेडवाला, तो फक्त माझी फजिती बघायला येतो. त्याने चप्पल घालायला घेतली. तेवढ्यात व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने, कळवलं की किक मारण्याआधीच खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये घुसले होते, पुन्हा मारा. हावर्ट्झने तशीच मारली, त्याच बाजूला, आणि या वेळी आत. गच्चीवर कोणी उडीसुद्धा मारली नाही, कारण अर्ध्या मिनिटापूर्वीच सगळ्यांनी मारून झाली होती. साळ्याने चप्पल काढून ठेवली आणि म्हणाला, "भाऊजी, डॉर्टमुंडवाले आता वीस वर्षं हेच सांगत बसतील." बसतीलच. मीही बसलोच आहे.

तर मग जायचं कशासाठी? चिठ्ठ्यांच्या रात्रीसाठी.

वर्षात तीन-चार वेळा देशादेशांच्या मॅचेस असतात आणि क्लबचं फुटबॉल बंद असतं. त्या शनिवारी काका लाइव्ह काही लावतच नाहीत. जिन्यात पैसे दिले की हातात एक कोरी चिठ्ठी मिळते. आपल्या क्लबवर झालेला पेनल्टीचा अन्याय त्यावर लिहायचा: कोणती मॅच, कितवं मिनिट, कोण पडला. चिठ्ठी स्टीलच्या डब्यात. काका हात घालून एक काढतात, प्रसंग पडद्यावर दोनदा दाखवतात, एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा सावकाश. ज्याची चिठ्ठी तो दोन मिनिटं बोलतो, समोरच्या क्लबवाला दोन मिनिटं बोलतो. मग काका निकाल देतात. जुन्या मॅचला लॅग कसला! गच्चीच्या मुख्य दोषावरचा उपाय त्यांनी असा शोधलाय.

काकांनी आयुष्याची बरीच वर्षं इथल्या मैदानांवर शिटी वाजवली. गुडघा गेला तेव्हा थांबले. शिटी अजून गळ्यात असते, निकालाआधी वाजवतात. क्लब कोणताच नाही. विचारलं तर म्हणतात, "मले दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय आहे."

मार्चच्या रात्री मी गेलो तेव्हा तीसेक माणसं होती. पहिली चिठ्ठी आर्सेनलवाल्या पोट्ट्याची निघाली. २४ ऑक्टोबर २००४, युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. सलग ४९ मॅचेस न हरलेला आर्सेनल, त्यांच्या सोल कॅम्पबेलच्या पायावरून युनायटेडचा रूनी पडला, रेफरी माइक रायलीने पेनल्टी दिली, व्हॅन निस्टलरॉयने मारली. २-० हरले, पन्नासावी राहिली. पोट्टा तेव्हा जन्मलाही नसेल, पण बोलताना आवाज कापत होता. क्लबचा राग असा वडिलोपार्जित येतो, सातबाऱ्यासारखा. साळ्याने उत्तरादाखल फक्त एक शब्द उच्चारला: "पिरेस." सप्टेंबर २००३, पोर्ट्समथविरुद्ध आर्सेनल एका गोलने मागे असताना त्यांच्या पिरेसने समोरच्या स्टेफानोविचच्या पायात आपलाच पाय अडकवून पेनल्टी मिळवली होती. मॅच १-१ सुटली. ती हरली असती तर ४९ चा आकडा झालाच नसता. काकांनी दोन्ही प्रसंग पाहिले, शिटी वाजवली आणि म्हणाले, "दोन्ही पडले. फिट्टमफाट. चहा घ्या."

त्यानंतर माझी निघाली.

६ मे २००९, चेल्सी-बार्सिलोना, चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, दुसरी मॅच. आपल्याकडे तारीख ७ लागली होती, सव्वाबाराला सुरू झाली. मी कॉलेजात होतो. मोहननगरातल्या मित्राच्या घरी खसच्या कूलरसमोर आम्ही चौघं ओल्या फरशीवर पडलेलो. बार्सिलोनातली मॅच ०-० झाली होती. नवव्या मिनिटाला आमच्या एसियनने डाव्या पायाने लांबून जो मारला, तो बारला लागून आत गेला आणि आम्ही मित्राच्या आईला उठवलं. पुढची ऐंशी मिनिटं नॉर्वेचा रेफरी ओव्हरेबो आणि आम्ही. त्यांच्या अल्वेसने आमच्या मालूदाला ओढलं, फ्रीकिक बॉक्सच्या बाहेरून. त्यांच्या अबिदालने आमच्या द्रोग्बाला धरलं, काही नाही. आमच्या अनेल्काने बॉल वळवला तो त्यांच्या पिकेच्या हाताला लागला, काही नाही. मित्र दर वेळी उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवायचा, जणू ओव्हरेबोला आतून दिसेल.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला लाईट गेली.

मेची रात्र, कूलर बंद, डास. लाईट येईना. १-० होतं, बार्सिलोनाचा अबिदाल लाल कार्ड घेऊन बाहेर, त्यांचे दहाच. आपण फायनलला, असं ठरवून आम्ही गच्चीत झोपायला गेलो. सकाळी वर्गातल्या एकाचा एसएमएस होता, एकच शब्द: इनिएस्ता. मला वाटलं त्याला दुखापत झाली. दोन मिनिटं वाईटसुद्धा वाटलं. मग कळलं की त्र्याण्णवाव्या मिनिटाला त्याने मारला, १-१, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त मोजायच्या तेव्हाच्या नियमाने बार्सिलोना फायनलला. त्यानंतरही आमच्या बालाकचा फटका त्यांच्या एटोच्या दंडाला लागला होता, बालाक रेफरीच्या मागे ओरडत धावला होता, आणि मॅच संपल्यावर द्रोग्बा चपला घालूनच मैदानात येऊन कॅमेऱ्यात ओरडला होता, हे सगळं मी नंतर पाहिलं. तो गोल मी आजपर्यंत लाइव्ह पाहिलेला नाही. माझ्यापुरती ती मॅच अंधारात १-० वरच थांबली आहे.

हे मी गच्चीवर सांगितलं. दोन मिनिटांची चार झाली, काकांनी अडवलं नाही. मग उठले, माझ्या प्लेटमधली लिंबाची फोड बाजूला सारून टोपलीतलं एक अख्खं लिंबू उचललं आणि मला म्हणाले, "उभा राह्य भिंतीपाशी. तू पिके. हात कसा होता त्याचा, तसा धर."

मी पडद्यावर पाहिल्याप्रमाणे हात जरा वर, अंगापासून दूर धरला. काका दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले आणि काही न सांगता लिंबू फेकलं. माझ्या कोपराला लागून ते कूलरच्या रिकाम्या स्टँडखाली गेलं.

"कायले हलवला बे हात?"

"मी नाही हलवला, काका. लिंबूच हाताकडे आलं."

"मंग त्यानं हलवला होता काय?"

तीस माणसं हसली. पण काकांनी मग जे सांगितलं, त्यासाठी मी १५० रुपये पुन्हा देईन. तेव्हाचा नियम असा होता की हात मुद्दाम लावला तरच हँडबॉल. म्हणजे रेफरीने माणसाच्या मनात शिरायचं, तेही मागून, धावताना, एकदाच बघून. (ओव्हरेबो व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ आहे. हे मी मध्येच टाकलं, पण काकांनी गंभीरपणे मान हलवली.) २०१९ साली नियम नव्याने लिहिला, तेव्हापासून हात अंगाचा आकार अनैसर्गिकपणे वाढवतो का, हे बघतात. आजच्या नियमात पिकेचा हात वाचत नाही. मालूदाचं मात्र वेगळं: ओढणं बाहेर सुरू झालं तरी आत चालू राहिलं तर पेनल्टीच, हा नियम तेव्हाही होता. तिथे ओव्हरेबो चुकला. गोलमागे उभे राहणारे जादाचे पंच युरोपा लीगमध्ये (चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) आणून बघितले ते त्याच्या पुढच्या हंगामात. त्या रात्री तो आणि रेषेवरचे दोघे, बस.

मी जिंकल्यासारखा बसायला लागलो. काका म्हणाले, "थांब. तुह्या चिठ्ठीत एक गोष्ट नाही." आणि सहासष्टावं मिनिट लावलं. अनेल्का पडतो, अबिदालला लाल कार्ड. एकदा वेगाने, एकदा सावकाश. सावकाश पाहिल्यावर दिसतं की अबिदालचा पाय त्याला धड लागतच नाही. अनेल्का स्वतःच्याच पायात गुंततो. ती चूक आमच्या फायद्याची होती. सतरा वर्षांत मी ही मॅच कितीदा सांगितली असेल! "त्यांचे दहाच" हे वाक्य दर वेळी सांगितलं. ते दहा कसे झाले, हे एकदाही नाही.

निकाल: दोन पेनल्ट्या पक्क्या, एक लाल कार्ड चूक. "मी असतो तर पिकेची दिली असती," काका म्हणाले, "अन् दुसऱ्या दिवशी बार्सिलोनावाले तुह्यासारखेच कुठं तरी चिठ्ठी लिहून राहिले असते."

नंतरची चिठ्ठी साळ्याची, आणि ती माझ्याच क्लबावर. स्वतःच्या क्लबवरचाच अन्याय लिहायचा हा नियम त्याने मोडला. मी आक्षेप घेतला, काकांनी फेटाळला. ९ नोव्हेंबर २०१३, वेस्ट ब्रॉम आमच्या मैदानावर २-१ ने पुढे. पंचाण्णवाव्या मिनिटाला आमचा रामिरेस हलक्याशा धक्क्यावर पडला, आमच्याच हॅझार्डने पेनल्टी मारली, २-२. वेस्ट ब्रॉमच्या मॅनेजरची नंतर रेफरींच्या प्रमुखाने माफी मागितली. हा प्रमुख कोण? तोच माइक रायली, रूनीवाला. आर्सेनलचा पोट्टा खुर्चीवरून उठलाच: "त्याला माफी मागता येत होती तर!" या एका वाक्यावर अर्धा तास गेला. १९९४ च्या एफए कप फायनलपर्यंत गाडी मागे गेली, रेफरी एलरेने आमच्याविरुद्ध दिलेल्या दोन पेनल्ट्या आणि दोन्ही मारणारा युनायटेडचा कँटोना. तिथे साळा एकदम गप्प झाला, दुसरी त्यालाही पचत नाही.

आता खाण्याचं, थोडक्यात. तर्री झणझणीत, वर तेलाचा लाल थर, चणे नीट शिजलेले. पोहे मात्र रात्री अकरानंतर गोळा होतात, कारण सकाळचेच वाफवून देतात असा माझा दाट संशय आहे. आलुबोंडा वेगळा घ्यावा लागतो, २० रुपये, ताजा असतो, सांभार (कोथिंबीर) भरपूर. चहा साखरेचा पाक. सावजी (झणझणीत नागपुरी मटण-चिकन) मागू नका, काका चिडतात.

दुसरी तक्रार गरमीची. टिनाचं शेड दिवसभर तापतं आणि रात्री दोनपर्यंत ओकत राहतं. मार्च संपत आला होता, घरोघरी कूलर धुऊन निघाले होते, इथे मात्र रिकामा स्टँड. विचारलं तर म्हणे, कूलरच्या आवाजात शिटी ऐकू येत नाही. पटलं नाही. मे महिन्यात तर मी वर चढणार नाही.

पाचपैकी लाइव्ह मॅचला दोन, चिठ्ठ्यांच्या रात्रीला साडेचार. बायकामुलांना न्यायला हरकत नाही, शिवी दिली की काका पिवळं कार्ड दाखवतात आणि दुसऱ्या कार्डावर खरंच खाली पाठवतात. आठनंतर गेलात तर खांबामागची खुर्ची मिळेल. आणि पोह्यांवर लिंबू लागत असेल तर बसल्या बसल्या मागून घ्या, पहिल्या हँडबॉलनंतर टोपलीत उरत नाहीत.