चर्चासत्र संगणकावर उतरवायचं: एक्स्टेन्शन, वायटी-डीएलपी की ओबीएस?

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात गोडी छाटणी सुरू झाली की द्राक्षांवरच्या ऑनलाइन चर्चासत्रांना ऊत येतो, पण बागेत रेंज मिळेलच असं नाही. दोन तासांचं चर्चासत्र पेनड्राइव्हवर न्यायचं तर मार्ग तीन. भरवणाऱ्यांची परवानगी किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे असं इथे धरलं आहे. यूट्यूबच्या अटींत परवानगीशिवाय उतरवायला मनाई आहे. साइटनेच डाउनलोडचं बटण दिलं असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

वर्षाकाठी दोन-चार व्हिडिओ लागत असतील तर ब्राउझरचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, पुरे. व्हिडिओ चालू करा, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली एक्स्टेन्शनची खूण पेटली की क्लिक करा. फायरफॉक्सवर व्हिडिओ डाउनलोडहेल्पर जुनं आणि माहितीतलं आहे. क्रोमच्या स्टोअरमधली एक्स्टेन्शनं यूट्यूबवरून उतरवत नाहीत, गुगलचा नियमच तसा. ही मंडळी सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची परवानगी मागतात, म्हणून बँकेचे व्यवहार करता त्या ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन नकोच.

दर आठवड्याला लागणार असेल तर वायटी-डीएलपी हा व्हिडिओ उतरवणारा प्रोग्राम शिकून घ्या. मोफत आहे, पण बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. एवढ्यानेच लोक बिचकतात. साइटवर व्हिडिओ बहुधा एका फाइलीत नसतो. एम३यू८ नावाची यादी असते आणि तिच्यात काही-काही सेकंदांच्या तुकड्यांचे पत्ते. वरच्या दर्जाला चित्र वेगळं, आवाज वेगळा. वायटी-डीएलपी दोन्ही आणतो, जोडतो मात्र एफएफएमपेग हा वेगळा प्रोग्राम. तो बसवलेला नसेल तर दोन फाइली सुट्या राहतात. ‘आवाजच आला नाही’ ही तक्रार बहुतेकदा तिथलीच. यूट्यूबसाठी आता डेनोही (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बसवावा.

आधी कमांडमध्ये वायटी-डीएलपीच्या नावापुढे हायफन आणि कॅपिटल एफ, मग व्हिडिओचा पत्ता देऊन उपलब्ध दर्जांची यादी बघा. फवारणीचे तक्ते वाचायला 720पी दर्जा पुरतो. नुसतं ऐकायचं असेल तर हायफन आणि छोटा एक्स. मिळालेली आवाजाची फाइल (एम४ए किंवा ओपस) तशीच ठेवा, एमपी३ करताना दर्जा घटतो. मध्येच वीज गेली तर तीच कमांड पुन्हा द्या, उरलेलं तिथून पुढे उतरतं. काल चाललेली कमांड आज 403 (साइटने नकार दिला) अशी चूक दाखवते, तेव्हा बहुधा साइट बदललेली असते: हायफन आणि कॅपिटल यू देऊन प्रोग्राम नवा करा. हाताने कॉपी केलेला एम३यू८चा पत्ता असेल तर त्याची मुदत संपलेली असू शकते. पान ताजं करून नवा घ्या.

ओबीएस हा मोफत प्रोग्राम व्हिडिओ उतरवत नाही, संगणकाचा पडदा टिपतो. दोन तासांना दोनच तास लागतात, आणि मध्ये व्हॉट्सॲप वाजलं तर तेही फाइलीत. थेट प्रक्षेपण असेल आणि नंतर ते मिळणार नसेल, तरच हा मार्ग घ्यावा. 2500 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दराने टिपलं तर तासाला साधारण 1.1 जीबी जागा धरा. टिपताना फाइलीचा प्रकार एमकेव्ही निवडा: साध्या एमपी४मध्ये टिपताना वीज गेली तर सगळी फाइल उघडेनाशी होते, एमकेव्हीत तोवरचं वाचतं. मग फाइल मेनूतल्या रीमक्सने एमपी४ करता येतं. डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) असलेला व्हिडिओ टिपला तर काळा पडदाच मिळतो. तो नाद सोडा.

पेनड्राइव्ह फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, जागा कितीही असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, पण आतलं आधी दुसरीकडे काढून ठेवून.