फोन हलका करायचाय: रीसेट बरा की वेचणी?

‘स्टोरेज भरत आलं आहे’ ही सूचना रोज यायला लागली आणि कॅमेरा उघडताना फोन घुटमळायला लागला की समोर दोन वाटा असतात. एक फॅक्टरी रीसेटची: सगळं पुसून टाकायचं आणि लागेल तेवढंच परत घालायचं. दुसरी वेचणीची: आहे त्याच फोनमध्ये बसून नको ते काढत जायचं. आधीच्या फोनवर मी रीसेट केला होता, आताचा फोन वेचणीवर चालवतोय. दोन्हींच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा फोन अँड्रॉइड आहे. आयफोनवाल्यांना सेटिंगची नावं वेगळी दिसतील, पण बराचसा हिशेब तोच.

आधी रीसेटची बाजू, कारण ती खरोखरच वजनदार आहे. रीसेटनंतरचे पहिले काही दिवस फार सुखाचे जातात. फोन चटकन उघडतो, पडद्यावर मोजकीच अ‍ॅप असतात. कुठल्या अ‍ॅपनं कधी काय साठवून ठेवलं हे कळायलाही मार्ग नसतो, अशी आतली अडगळ एका झटक्यात जाते. वेचणीत ती पूर्णपणे हाती लागत नाही, हे मान्य करायला हवं.

रीसेटचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून नवं अ‍ॅप घातलं की ते सूचना पाठवण्याआधी आपली परवानगी मागतं. त्यामुळे रीसेटनंतर एकेक अ‍ॅप घालताना खरेदीच्या, खेळांच्या, बातम्यांच्या अ‍ॅपना दारातच ‘नाही’ म्हणता येतं. माझ्या त्या फोनवर आधी दिवसभर टिंग टिंग चालायचं, ते एकदम शांत झालं. तुमचा खरा त्रास जागेचा नसून सूचनांचा असेल, तर हा मुद्दा हलका समजू नका. वेचणीतही सेटिंगमध्ये जाऊन एकेका अ‍ॅपच्या सूचना बंद करता येतात, पण तेवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते.

अडचण सुरू होते ती व्हॉट्सअ‍ॅप परत आणताना. आपल्याकडे फोन भरतो तो मुख्यतः तिथेच. आमच्या गोव्यातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कला अकादमीच्या भजन स्पर्धेची तालीम सुरू झाली की रोज रात्री व्हिडिओ येतात. सप्ताहाची दिंडी, घुमट वाजवून म्हटलेली आरती, जत्रा हे सगळं वेगळंच, आणि पहाटे फुलांच्या चित्रांवर शुभ सकाळ. बॅकअपमधून परत आणलं की हे सगळं जसंच्या तसं परत येतं. व्हिडिओ वगळून बॅकअप घेण्याची सोय आहे, पण मग शुभेच्छांच्या व्हिडिओंबरोबर मंडळातल्या ज्येष्ठ बुवांनी म्हटलेला अभंगही जातो. त्यातून २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जाऊ लागला आहे. त्याच १५ जीबीत ईमेल आहेत, ड्राइव्ह आहे आणि १ जून २०२१ पासूनचे नवे फोटोही. म्हणजे बॅकअप घेण्याआधीच काय ठेवायचं, काय नाही हे निवडावं लागतं. निवडायचं काम रीसेटनं टळत नाही. मला तरी तसंच दिसलं.

एवढं असूनही मी कदाचित रीसेटच्याच बाजूनं राहिलो असतो. माझं मन फिरलं ते यूपीआयमुळे.

यूपीआयची नोंदणी सिमशी बांधलेली असते. अ‍ॅप आपल्या फोनमधूनच एक एसएमएस पाठवतं आणि तो पोचला तरच खातं जोडलं जातं. रीसेटनंतर हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी रीसेट केला तो चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर, फोटोंसाठी जागा हवी म्हणून. बाहेर धो धो पाऊस आणि आमच्या वाड्यावर नेटवर्कची एक काडी येतेय, जातेय. घरात वायफाय चालू होतं, पण माझ्या सिमचा एसएमएस काही त्यावरून जाईना. पडद्यावर गोल फिरत राहायचं आणि शेवटी ‘पडताळणी झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’. मी कुंपणाच्या गडग्यापर्यंत छत्री घेऊन गेलो, वर रस्त्यावर गेलो. तिथे एसएमएस गेला, पण तोवर बँकेच्या अ‍ॅपनं जास्त प्रयत्न झाले म्हणून उद्यापर्यंत दार लावून घेतलं होतं. ग्राहक सेवेला फोन लावला तर उत्तर एकच: चोवीस तास थांबा.

दुसऱ्या दिवशी माटोळीचा बाजार. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती चौकट. हा बाजार वर्षातून एकदाच भरतो. डोंगरातून कांगणां, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, तोरिंगं, रानातली फळं घेऊन बायका येतात. आता त्यातल्या पुष्कळजणींसमोरही पाटीला टेकवून क्यूआरचा कागद ठेवलेला असतो. सगळे स्कॅन करून पुढे जात होते आणि मी खिशातल्या नोटा पुरवून पुरवून वापरत होतो. एका बाईकडे सुट्टे नव्हते, म्हणून शिपटी परत ठेवावी लागली. एटीएमपुढे तर सणाची रांग. अ‍ॅप सुरू झाल्यावरही, नव्यानं नोंदणी केली की पहिल्या २४ तासांत साधारणपणे पाच हजारांच्या वर रक्कम पाठवता येत नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऐन चवथीत पुरोहितांची दक्षिणा, किराणा, मंडपवाला असे हिशेब असताना ही मर्यादा फार टोचते.

शहरात राहणाऱ्यांना, नेटवर्क चांगलं असलेल्यांना ही नोंदणी दहा मिनिटांत होतही असेल. पणजीतल्या मित्राची झाली. पण एक यूपीआय, दोन बँकांची अ‍ॅप, डीमॅट, कार्यालयाचं लॉगिन असं मोजत गेलं तर रीसेटनंतर प्रत्येक दारावर स्वतःची ओळख नव्यानं पटवून द्यावी लागते. ओटीपी दाखवणारं वेगळं अ‍ॅप वापरत असाल तर त्याचा बॅकअप चालू आहे का, हेही आधी बघून ठेवावं लागतं.

वेचणीत यातलं काहीच नाही. फोन एक क्षणही बंद पडत नाही, म्हणून ती मला आवडली. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपच्याच सेटिंगमधून करा. ‘स्टोरेज आणि डेटा’ आणि त्यात ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’. वरच दोन कप्पे दिसतात: अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. पहिला कप्पा मी डोळे मिटून रिकामा करतो. खऱ्या कामाचं असं त्यात मला क्वचितच काही सापडलंय. दुसरा मात्र सावकाश बघतो. मोठ्यात मोठं आधी असा क्रम लावला की माझ्याकडे वर दिंडीचे लांबच्या लांब व्हिडिओ येतात, तोच व्हिडिओ तीन ग्रुपमधून आलेला. पुसताना ‘सर्व प्रतींसह’ असा पर्याय दिसला तर तोच निवडा. नाहीतर एक प्रत जाते, दुसरी बसून राहते आणि जागा काही सुटत नाही.

बुवांचा अभंग, आईचे व्हॉइस मेसेज असं जे जपायचं त्याला आधी तारा लावायचा. चॅट साफ करताना तारांकित संदेश वगळता येतात. माझ्या फोनची सर्वांत जास्त जागा या एका गोष्टीनं सुटली. मग पुन्हा भरू नये म्हणून मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद केलं आणि मंडळाच्या ग्रुपचे फोटो गॅलरीत दिसणंही बंद केलं. आता ग्रुपवर कुठलाही फोटो किंवा व्हिडिओ आला तरी मी बोट लावल्याशिवाय तो फोनमध्ये उतरत नाही.

गूगल फोटोजमध्ये एक बाब नीट समजून घ्या. फोटो निवडून कचरापेटीत टाकला तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही. कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस आणि न झालेला ३० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी तो काढतो.

अ‍ॅपचं फार सांगत नाही. वापरात नसलेली काढा. एखादं पुढे लागेलसं वाटलं तर अँड्रॉइड १५ मध्ये ते संग्रहित करता येतं: अ‍ॅपचा बराचसा भाग जातो, आपली माहिती राहते. लायसन्स, आरसीचे फोटो गॅलरीत साठवण्यापेक्षा ती कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आणा. ती सोय २०१५ पासून आहे आणि गॅलरी तेवढीच हलकी होते. गूगलचं फाइल्स अ‍ॅप डुप्लिकेट आणि मोठ्या फाइली शोधून देतं, तेवढं पुरेसं आहे. ‘फोन वेगवान करा’ म्हणणारी बाकीची सफाईची अ‍ॅप मी तरी ठेवत नाही. ती स्वतःच सूचनांचा पाऊस पाडतात.

वेचणीचा तोटा उघड आहे: वेळ जातो आणि कंटाळा येतो. एका बैठकीत संपवायची म्हटली तर माणूस अर्ध्यात सोडतो. मी रात्री जेवण झाल्यावर थोडी थोडी करतो, एका वेळी एकच ग्रुप. फोन नव्यासारखा होत नाही, पण पुरेसा हलका राहतो. माझ्या अंदाजानं बहुतेकांना एवढंच हवं असतं.

काही वेळा मात्र रीसेटच करावा. फोन विकायचा किंवा घरातल्या कुणाला द्यायचा असेल, नको ते अ‍ॅप घुसून जाहिराती उसळत असतील, किंवा जागा भरपूर असूनही फोन सारखा अडकत असेल तर वेचणीत वेळ घालवण्यात अर्थ नाही. तेव्हा गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे याची खात्री करा, कारण रीसेटनंतर फोन तो मागू शकतो. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे ना आणि त्यावर एसएमएस जाण्याइतका रिचार्ज आहे ना, तेही बघा. खिशात दोन दिवसांची रोकड ठेवा आणि बँक उघडी असेल अशा दिवशी सकाळी, चांगलं नेटवर्क मिळतं तिथे बसून रीसेट करा. चवथीच्या आठवड्यात तर नकोच.