ब्लड कॅन्सरच्या पेशंटचा ब्रेन एमआरआय : रिपोर्टला पाच स्टार, वेटिंगला शून्य

भाच्याला एएलएल आहे, ब्लड कॅन्सरच. पाठीतून मेथोट्रेक्सेटचं (केमोचं औषध) इंजेक्शन दिल्यावर आठवड्याभरात त्याची जीभ अचानक जड झाली, उजव्या हातातून मोबाईल निसटायला लागला. गावाजवळ तातडीने एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये एवढंच की व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात) बदल आहेत, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे लक्षणांशी जुळवून बघा. अरे पण कसले बदल? कॅन्सर डोक्यात गेला, इन्फेक्शन झालं की औषध बाधलं, काहीच नाही. डिफ्युजन सिक्वेन्स (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारा एमआरआयचा फोटो) तर काढलाच नव्हता, म्हणून डॉक्टरांनी इथे, या एमआरआय सेंटरला पाठवलं.

इथे काउंटरवरच शेवटचं इंजेक्शन कधी झालं, बीपी किती, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती सगळं विचारलं, केमोच्या कागदाची झेरॉक्स घेतली, जुनी सीडीपण मागितली. नंतर रेडिओलॉजिस्ट मॅडमनी माझ्या ताईला आणि मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. म्हणाल्या, फ्लेअरवर (एमआरआयचा आणखी एक प्रकारचा फोटो) पांढरा डाग बऱ्याच आजारांत दिसतो, त्यावरून ठरवता येत नाही, पण याचा डाग डिफ्युजनवर चमकतोय, एका रक्तवाहिनीच्या भागात बसत नाही, कॉन्ट्रास्टही (शिरेतून देतात ते औषध, ज्याने काही डाग उठून दिसतात) घेत नाही, आणि इंजेक्शनची तारीख बघता मेथोट्रेक्सेटचाच त्रास वाटतो. बीपी वाढून होणारं प्रेस (मेंदूला येणारी सूज) सहसा डोक्याच्या मागच्या भागात असतं म्हणे, आणि जेसी व्हायरसचं पीएमएल (मेंदूचं इन्फेक्शन) पण लक्षात ठेवावं लागतं, खास करून रिटुक्सिमॅब वगैरे प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेतलेल्यांत. वर हेही सांगितलं की नुसत्या एमआरआयवर थांबू नका, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून कॅन्सरच्या पेशी नाहीत ना ते बघून घ्या. हे सगळं रिपोर्टमध्ये पण लिहून दिलं, त्यामुळे आमच्या डॉक्टरांना फोनाफोनी करावी लागली नाही. पाणी क्लीन आलं, मेथोट्रेक्सेट सध्या थांबवलंय, पोरगं काही दिवसांतच नीट बोलायला लागलं, आता परत भांडतंय ताईशी 😄

आता तक्रार. काउंट (पांढऱ्या पेशी) खाली गेलेल्या पोराला खोकणाऱ्या गर्दीत बसवून ठेवलं, वेगळी खोली मागितली तर "सगळ्यांना इथेच बसावं लागतं"! कॅन्सरचे पेशंट घेता तर एवढी सोय हवीच ना राव. कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे लागतात ते आधीच विचारून घ्या, आणि फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या.