वादविवाद स्पर्धेसाठीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम: कांट, रॉल्स आणि वंशाचा प्रश्न

अमेरिकेतील शालेय लिंकन-डग्लस, म्हणजे मूल्यांच्या प्रश्नांवर एकास एक होणाऱ्या, वादविवाद स्पर्धांसाठी एका खासगी शिकवणीने तयार केलेला हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. अमूर्त नीतिशास्त्रावर वांशिक दृष्टीने घेतले जाणारे आक्षेप हा त्याचा विषय असून उदारमतवादातील वंशभेदावर बोट ठेवणारे तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांच्यावरील धडे सर्वांत सकस आहेत. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१च्या ग्रंथात मांडलेल्या ‘अज्ञानाच्या पडद्या’आड, म्हणजे समाजातील आपले स्थान न जाणता न्याय्य नियम ठरवण्याच्या कल्पित प्रसंगात, बसलेल्याला स्वतःचा वंश ठाऊक नसतो; परंतु आदर्श समाजाचे नियम ठरवण्याच्या त्या खटाटोपात गुलामगिरीसारख्या घडून गेलेल्या अन्यायाच्या भरपाईचा प्रश्न बाजूलाच पडतो, हा मिल्स यांचा मुद्दा शिक्षकांनी घाई न करता उलगडला आहे. मिल्स उदारमतवाद मोडीत काढत नाहीत, तो दुरुस्त करू पाहतात, हेही शिक्षकांनी बजावले आहे. स्पर्धेच्या धांदलीत नेमके हेच विसरले जाते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटवरील धडा मात्र तोकडा वाटला. १७६४च्या लेखनात कांटने एका माणसाचे बोलणे मूर्खपणाचे असल्याचा पुरावा म्हणून त्याच्या काळ्या वर्णाकडे बोट दाखवले होते. तो उतारा वाचून धडा संपतो. लेखक वंशद्वेषी होता म्हणून त्याचा १७८५चा ‘निरपेक्ष आदेश’ (जो नियम सर्वांना लागू व्हावा असे वाटेल, त्याप्रमाणेच वागावे हे तत्त्व) आपोआप कोसळतो का, असे प्रतिस्पर्ध्याने तीन मिनिटांच्या उलटतपासणीत विचारले, तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही. चार मिनिटांच्या पहिल्या प्रत्युत्तरात हा पसारा कसा बसवायचा, याचे एकच ध्वनिमुद्रित उदाहरण आहे आणि तेही इतक्या वेगात वाचलेले, की मला ते तीनदा ऐकावे लागले.